मी डॉक्टरीणबाईला कावीळ सांगितली

माय, ओळखलंस का मला? नाहीच ओळखणार. मला हाक मारायची असली की तू आधी मोठीचं नाव घ्यायचीस, मग दारच्या गाईचं, आणि गाईनं मान वळवून बघितलं की मग तुला माझं सुचायचं. तिकडे जाऊन तुला त्रेचाळीस वर्षं झाली, तेवढ्यानं काही सुधारणा झाली असेल असं वाटत नाही. म्हणून खूण सांगते. जिच्या उजव्या मनगटावर डाग आहे ती मी. डाग कुणी दिला तेही विसरली असशील, तर ते पुढं येईलच.

लिहिणारी मी नाही. मला कुठं लिहिता येतं? दादाला शाळेत घातलंस, मला कापूस वेचायला. "पोरगी लिहाले शिकली का सासरहून तक्रारी लिहून पाठवन," असं तू चारचौघींत सांगायचीस आणि सगळ्या हसायच्या. आता घे. तक्रार आलीच, फक्त उशिरा आली, आणि लिहिणारी तुझीच नात आहे. ही इथं अकोल्यात शाळेत मास्तरीण आहे, सेहेचाळीस वर्षांची, चष्मा लागलेली. तिचा नवरा बदलीच्या गावी असतो, म्हणून घरात आम्ही दोघीच. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. म्हटलं, जशीच्या तशी लिही बाई, माय ओळखणार नाही मले. तर म्हणते, शाळेची सवय आहे आई, हात वळत नाही. त्यामुळे या पत्रात मी जरा पुण्याकडची वाटेन, सांभाळून घे. माणसांच्या तोंडची वाक्यं मात्र मी तिला धुऊ दिलेली नाहीत.

तर झालं असं. गेल्या हिवाळ्यात मला शौचातून रक्त जायला लागलं. मी आठ दिवस लपवलं, नवव्या दिवशी हिनं साडी धुताना पकडलं आणि उचलून अमरावतीला नेलं. तिथं मागून कॅमेरा घातला, पोटाचे फोटो काढले, आणि सांगितलं की आतड्यात गाठ आहे, तिचे तीन ठिपके लिव्हरवर गेले आहेत. लिव्हर म्हणजे काय ते हिनं मला बोकडाच्या कलेजीवरून समजावलं, तेव्हापासून मी कलेजी खाल्लेली नाही. मला वाटलं, कापतील आणि टाकतील. तर तसं नाही. आधी केमोचे सहा डोस, दर पंधरा दिवसांनी एक. मग पुन्हा फोटो. ठिपके आकसले तर आतडं आणि लिव्हर दोन्हीवर सुरी चालवायची. नाही आकसले तर सुरी नाही, नुसतं औषध, चालेल तितके दिवस. म्हणजे कापून घेण्यासाठीसुद्धा आधी लायक ठरावं लागतं.

पण त्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली, आणि पत्र त्यासाठी आहे. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत लिहीत विचारत होती. वय, बाळंतपणं, तंबाखू. मग म्हणाली, "आजी, तुमच्या घरात असं कोणाला झालं होतं? आई कशानं गेल्या?" मी म्हटलं, "काविळीनं." शेजारी बसलेल्या तुझ्या नातीनं मान हलवली. तिनंही लहानपणापासून तेच ऐकलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मग ठीक. तुमच्या मुलीची तपासणी सवडीनं केली तरी चालेल. तुमच्या आईलाही हेच असतं तर मी हिला आत्ताच कॅमेऱ्याच्या टेबलावर घेतलं असतं." ही म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत करीन. आणि माझं खोटं कागदावर बसलं. मला वाचता येत नाही, पण ते कुठं लिहिलंय ते मला ठाऊक आहे. पहिल्या पानावर, अगदी खाली, डाव्या हाताला. तेव्हापासून दर फेरीला ती फाईल माझ्या मांडीवर असायची आणि मी बरोबर त्या जागेवर हात ठेवून बसायची.

आता केमोचं ऐक, तुला दुसऱ्याच्या दुखण्याच्या गोष्टी आवडायच्या. छातीत हाडाखाली एक बटन बसवलं. त्यात सुई टोचून तिथं दिवसभर सलाईन, आणि मग एक बाटली कमरेला बांधून घरी पाठवतात. ती दोन दिवस थेंब थेंब आत जाते. पहिल्यांदा आम्ही एस.टी.नं परत येत होतो तर मूर्तिजापूरला एक बाई शेजारी बसली, बाटलीकडं बघून म्हणे, "हे काय व आजी?" म्हटलं, "मोबाईलचं चार्जर." ती म्हणे, "मग नळी छातीत कावून गेली?" म्हटलं, "मीच मोबाईल हाये." बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. हसू नकोस. त्या औषधाचा एक गुण असा की थंडाचा हात लागला की बोटात वीज जाते, आणि थंड पाण्याचा घोट घेतला की गळाच आवळतो, जीव जातो असं वाटतं. वैशाखातलं अकोलं, पत्रे तापलेले, सगळं घर माठातलं पाणी पितं, आणि मी कोमट. जीभ सोलली, तोंडात तांब्याची चव, नखं काळी. रक्त काढायला आलेली नर्स मनगट धरून म्हणाली, "आजी, हा डाग कशाचा?" म्हटलं, "माहेरची बांगडी हाये, निंघत नाही."

तिसऱ्या डोसानंतर माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. डॉक्टरीणबाईनं फोनवर सांगितलं, यांना आठ दिवस वेगळं ठेवा. ताट वेगळं, पेला वेगळा, कोणी जवळ जायचं नाही. तुझी नात शिस्तीची. तिनं मला मागच्या खोलीत टाकलं, तोंडाला फडकं बांधलं, दारातून ताट आत सरकवलं आणि म्हणाली, "आई, उठून तूच घे, मी आत येत नाही." मी ताटाकडं पाहिलं आणि मला जे हसू फुटलं, ते थांबेचना. ही घाबरली, तिला वाटलं औषध डोक्यात गेलं. "काय झालं वं आई?" "काही नाही," म्हटलं, "वाढनं छान जमलं तुले." तिला काय कळणार? तुला कळेल.

तुझ्या घरात विटाळाचा कायदा तुझा होता. आजीचा नव्हता, गावाचाही एवढा नव्हता. आपल्या चांदूर बाजाराकडच्या त्या गावात बाकीच्या बायका तीन दिवस नुसत्या चुलीपासून लांब राहायच्या. तू गोठ्यात बसवायचीस, आणि पाच दिवस. मी तेरा वर्षांची. तू गहू तीन दिवस भिजवून चीक काढलेला, अंगणात खाटेवर कुरड्या वाळत पडलेल्या. कोंबडी चढली म्हणून मी धावले आणि खाटेला हात लागला. दुसरं काही नाही, खाटेला. तू सगळ्या कुरड्या उचलून बैलांपुढं टाकल्यास. मग चुलीतून उलथनं आणलंस. मी हात मागं घेते आहे आणि तू म्हणते आहेस, "धर. सरळ धर. ध्यानात राहीन." राहिलं, माय. मग तू शेजारणींना हाका मारून माझा गुन्हा सांगितलास, मोठ्यानं, पुरुष माणसं ओसरीवर बसलेली असताना. भाजल्याचं दुखणं चार दिवसांत गेलं. ते दुसरं माझ्याबरोबर सासरी आलं.

आणि मग सतरा वर्षांनी माझी पाळी आली. वहिनी बाळंतपणाला तिच्या घरी गेली होती, कापूस वेचणीचे दिवस, घरात स्वयंपाकाला कोणी नाही, म्हणून दादानं मला बोलावून घेतलं. ही तीन वर्षांची माझ्या कडेवर. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तुझं लुगडं धुवायला घेतलं तर त्याला रक्त. तुझं तर पाच वर्षांपूर्वीच बंद झालेलं. मी लुगडं हातात घेऊन तुझ्यासमोर उभी राहिले. तू चुलीपुढं बसली होतीस. मी म्हटलं, "ऊठ." एवढंच. तू म्हणालीस, "हे ते नाही वं. हे मागून येऊन राह्यलं." आणि मी काय म्हटलं तेही लिही गं बाई, थांबू नको. मी म्हटलं, "कुठूनबी येऊ दे. रक्त ते रक्त. तुवाच शिकवलं ना?"

इथं हिचं पेन थांबलं आहे. माझ्याकडं बघते आहे. बघू दे.

मला समजलं होतं, माय. हे मी कधी कुणाला म्हटलं नाही. मला तुझं पहिलंच वाक्य समजलं होतं. मी पोर जन्माला घातलेली बाई, कुठलं रक्त कुठून येतं हे मला माहीत नव्हतं? पण तू उठलीस. माझ्या एका शब्दावर तू उठलीस आणि स्वतःचं पोतं स्वतः उचलून गोठ्यात गेलीस, कारण वेचणीच्या बायका दारात उभ्या होत्या आणि तुझा कायदा तुलाच मोडता येईना. ते बघताना मला जी मजा वाटली, तशी माझ्या लग्नातही वाटली नव्हती. म्हटलं, पाच दिवस. पाच दिवस बसू दे, मग बघू. पण ते थांबेना. पाचाचे दहा झाले, दहाचे वीस. मी वरून भाकर टाकायची, तू पदरात झेलायचीस. मी वरून पाणी ओतायची, तू ओंजळ धरायचीस, आणि मी मुद्दाम जरा उंचावरून ओतायची. गार पडलेलं, कार्तिकातलं. वेचणीच्या बायका विचारायच्या, "काकू कावून भाईर?" तर मी मोठ्यानं सांगायची. ओसरीवर दादाचे पाहुणे असले तर आणखी मोठ्यानं.

ही पोरगी तेवढी तुझ्याकडं धावायची. जाऊन मांडीवर बसायची. मी ओढून आणली, चापट मारली, डोक्यावरून गार पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गेली नाही. गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन उभी राहिली आणि तुला सांगितलं, "आजी, तू घान हाये." तू तिला हसून म्हणालीस, "हो माय, हाये." हुशार पोरगी, तीन दिवसांत शिकली. आता मास्तरीण आहे, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते.

"मी?" हिनं विचारलं. चिडली की हिचीही शुद्ध भाषा जाते. "मी असं म्हटलं आजीले?"

"तू नाही म्हटलं. म्या म्हणवलं."

"आनं आजीले कावीळ नव्हती?"

"कावीळबी होती. शेवटी शेवटी. लिव्हर खराब झालं का होतेच ना. तुवाच सांगतलं मले."

उठून बाहेर गेली. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. ती येईपर्यंत मी बोलतच राहणार होते, पण लिहायला कोण? गप्प बसावं लागलं. अक्षर न येण्याचा हा त्रास मला आजवर कधी एवढा जाणवला नव्हता, त्याचंही श्रेय तुला. बऱ्याच वेळानं आली, डोळे पुसून, चष्मा लावून. म्हणाली, "बोल पुढं." कोरड्या आवाजात. वर्गात नापास पोराला म्हणतात तसं.

पुढं थोडंच आहे. तुझे डोळे पिवळे झाले ते एका वेचणीच्या बाईनं पाहिलं, मी नाही. मी तुझ्या डोळ्यांकडं बघतच नव्हते. मग दादानं तुला बैलगाडीत घातलं, पुढं एस.टी.नं अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पोट दाबलं, मागून बोट घातलं, आणि दादाला नि मला बाहेर बोलावून सांगितलं. आतड्यात गाठ, लिव्हरपर्यंत गेली, महिना दोन महिने आधी आणलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. हे शेवटचं वाक्य मी त्रेचाळीस वर्षं उशाखाली ठेवून झोपले आहे. खरं असेल, नसेल. पण फार काही करता आलं नसतं तरी चुलीपाशी ऊबेला बसवता आलं असतं, एवढं मला त्या दिवशीही कळत होतं.

तिथं खाटेवर मी तुझ्या कपाळाला हात लावायला गेले. तू हात बाजूला केलास आणि म्हणालीस, "मले शिवू नको वं. थंडीची आंघोळ करा लागन तुले." तो टोमणा होता की काळजी होती? मी किती वेळा ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. तुझा आवाज आठवून पाहते, तर कधी एक वाटतं, कधी दुसरं. तुला आठवत असेल तर तुझ्याजवळच ठेव, मला सांगू नकोस. त्यानंतर तू बारा दिवस होतीस आणि मला शिवू दिलं नाहीस. दादाला दिलंस. परतीच्या वाटेवर मी नि दादा ठरवून आलो की कावीळ सांगायचं. गावाला गाठ सांगितली असती तर कोणीतरी विचारलं असतं, मग रक्त जात असेल ना, आणि मग सगळ्यांना गोठा आठवला असता. कावीळ बरी. कावीळ कुणालाही होते. दादाही आता तुझ्याकडंच आहे, विचार त्याला.

मग आता कावून बोलते, असं तू म्हणशील. सहा डोस झाल्यावर फोटो काढला. दोन ठिपके आकसले, तिसरा तर दिसेचना. मी म्हटलं, चला, एक गेला. डॉक्टरीणबाई खुश नव्हती. म्हणाली, "आजी, फोटोत दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं. तो कुठं होता ते आठवून त्या जागेचंही कापावं लागेल." शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. आतड्याचा तुकडा, लिव्हरचे तीन. वय त्र्याहत्तर, टेबलावरून उतरेन, नाही उतरेन. आणि फाईल माझ्या मांडीवर, हात त्या जागेवर. मला वाटलं, मी वरतीच गेले तर ती ओळ तशीच राहील. ही दिवाळीची वाट बघेल, दिवाळीत पाहुणे येतील, मग परीक्षा, मग मे महिना. हिचं कॅमेऱ्याचं काम माझ्या अब्रूपायी राहून जाईल. तुझं राहिलं, ते माझ्या मजेपायी. दोन वेळा एकच बाई मारणारी, हे जरा जास्त होतं, माझ्यासाठीसुद्धा.

घरात सांगायला मी चार वेळा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी "पाणी कोमट दे" एवढंच बाहेर आलं. समोर बसलेल्या लेकीला कसं सांगायचं की तुझी आजी गोठ्यात बसून रक्त गाळत होती आणि तुझी आई वरून पाणी ओतत होती?

हिनं आत्ता मधेच फोन लावला. दवाखान्यात. उभी राहून, माझ्याकडं पाठ करून बोलली. "आईच्या आईलाही हेच होतं. हो, लिव्हरपर्यंत. नाही, आधी चुकीचं सांगितलं होतं." कोणी चुकीचं सांगितलं ते नाही म्हणाली. गुरुवारचा नंबर लागला, त्याच दवाखान्यात, मी भरती असेन तेव्हाच. मी विचारलं, "तुले काही त्रास होते का? रक्त गिक्त?" तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "गुरुवारी समजन." होय नाही, नाही नाही. माझीच लेक. तुझीही म्हण. मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर म्हणे, "पत्र संपव."

संपवते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. ही म्हणते, फाईलमध्ये लावीन, पहिल्या पानाच्या मागं, डॉक्टरीणबाईला वाचू दे. लाव म्हटलं. आणि माय, आता तुला खरं सांगायला हरकत नाही. मी माफी मागायला तुला पत्र काढलं असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. हिला तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुझं नाव पुढं केलं. तू मेलेली, तुझ्याशी बोलताना लाज कमी वाटते. माफी मागायची असती तर ती मी एकटीत मागितली असती, आणि तीही मागून झालेली नाही.

बाकी बुधवारी संध्याकाळपासून आम्हा दोघींनाही घट्ट काही खायचं नाही, नुसतं पातळ सांगितलं आहे. तुझ्याकडून काही पाठवता येत असेल तर मुगाच्या वरणाचं वरचं पाणी पाठव, फडक्यातून गाळून, मीठ घालून, फोडणी नको. आधी हिच्यापुरतं पाठव. उरलं तर मला.